पुस्तकात एक, गाडीवर नऊ

गाड्यांच्या हापिसात नोकरी केलेल्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत न्हाई. लोकं फायलीत घालूनच आणून देतात! लातूर जिल्हा नवा झाला तेव्हाची गोष्ट. हापिस भाड्याच्या तीन खोल्यांत, वरून दुष्काळ, आणि जुन्या जिल्ह्यातून आलेले रेकॉर्डचे गठ्ठे अजून सुतळीतच बांधलेले. मी तिथं क्लार्क. स्वभावानं संशयी, हे बायकोही सांगेल. पण आमच्या बिराजदार साहेबांपुढं मी म्हणजे अगदी भोळा सांब! कुणी साधा नमस्कार केला तरी साहेब मला म्हणायचे, "याचं काय अडलंय, बघ रे."

*

नव्या जिल्ह्यात सगळ्या गाड्यांची नोंदणीची पुस्तकं पुन्हा तपासायचा हुकूम निघाला, आणि एक दिवस आवारात एक काळी, लांबलचक विलायती मोटार येऊन थांबली. चालवत होते रेणापूरचे गायकवाड गुरुजी. सहा फुटी माणूस, गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंनी वर आलेले. शेजारी त्यांचे वडील लिंबाजीबाबा. धोतर, काळा कोट, उंची पाच फुटाला दोन बोटं कमीच.

"जय भीम, साहेब. नोंद करायची होती," गुरुजी म्हणाले.

साहेबांनी गाडीकडं बघितलं, मग बाप-लेकाकडं. "तुमच्याकडं ही गाडी आली कशी?"

'तुमच्याकडं' हा शब्द त्यांनी जरा लांबवला. गुरुजींचे कान लाल झाले. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं न्हाई, याची आज लाज वाटते.

बाबा शांतपणे म्हणाले, "धर्माबादच्या जहागीरदारांची हाय. मी त्यांचा डायवर. ते कायमचे हैदराबादला गेले तवा मला देऊन गेले." कोटाच्या खिशातून त्यांनी एक कागद काढला. उर्दूत एकच ओळ, खाली सही. आमच्यात उर्दू वाचणारं कुणी न्हवतं, बाबांनीच तोंडपाठ म्हणून दाखवली, 'मेरी मोटर लिंबाजी को दी.'

"नंबर कुठाय?" साहेब म्हणाले. "उद्या मी लिहीन, मेरी भैंस दी. कुठली म्हैस धरायची?"

*

चेसिस नंबर तपासायची आमची रीत साधी. नंबर कोरलेल्या जागेवर कागद धरायचा आणि वरून पेन्सिल घासायची, ठसा उमटतो. मी घासली. गाडीवर दोन ठिकाणी नऊ, आणि पुस्तकात नेमके तिथंच एक! बाकीचे आकडे सगळे जुळलेले.

"एकाला डोकं ठोकून नऊ केलाय," साहेब म्हणाले. "चोरीची हाय."

मलाही तसंच वाटलं. गाडी आमच्या आवारात अडकवली. विलायतेच्या कारखान्याला पत्र लिहायचं ठरलं, की ही गाडी कधी बनली, कुणासाठी बनली, ते कळवा. उत्तर उलटं आलं तर पोलीस केस, तीही पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्यावर. गुरुजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "गाडी गेली तर जाऊ द्या हो. पण ह्या वयात बापाला चोर म्हणवून घ्यायचं न्हाई मला."

पत्रात नंबर कुठला टाकायचा, गाडीवरचा की पुस्तकातला? साहेबांनी क्षणभरही विचार केला न्हाई. "पुस्तकातला! पुस्तक सरकारी हाय. गाडी खोटं बोलू शकते."

*

दर सोमवारी बाबा एसटीनं यायचे आणि कोरड्या फडक्यानं गाडी पुसत बसायचे. एकदा त्यांच्या हातात फडकं बांधलेला तांब्या दिसला. मी लगेच उठलो.

"काय हाय त्यात?"

"पानी."

त्या उन्हाळ्यात आठ-आठ दिवस टँकर येत न्हवता. पाण्यापेक्षा मोठी लाच कुठली? मी आवाज चढवला, "कुणासाठी? साहेबांसाठी?"

"न्हाई जी, हिच्यासाठी," बाबा बॉनेट उघडत म्हणाले. "रेडिएटर सुकला की गंजतंय."

घरच्या वाट्यातलं पाणी त्यांनी गाडीला पाजलं. तळाशी घोटभर उरलं, ते माझ्यापुढं धरलं. मी पिऊन टाकलं. मग दिवसभर काम सुचलं न्हाई. सारखं वाटायचं, ही लाच तर न्हवती?

*

एकदा साहेबांनी स्वतः गाडीत डोकं घातलं आणि ओरडले, "सापडलं!" ड्रायव्हरच्या सीटखाली लोखंडाची चौकट होती. सीट उचललेलं, ब्रेक-क्लचचे पेडलही सीटकडं ओढलेले. शेजारच्या सीटखाली तसलं काही न्हवतं.

"ही गाडी खोललेली हाय. कुठल्या तरी गॅरेजात चोरट्यांनी केलंय हे."

"न्हाई साहेब," बाबा म्हणाले. "हे कारखान्यातूनच आल्यालं. मालकानं माझं माप धाडलं व्हतं."

"विलायतेला? तुमचं माप?"

"हाव. कंबरंपासून टाचंपर्यंत. दोरीनं."

आम्ही सगळे पोट धरून हसलो. सगळ्यात जास्त मीच हसलो. बाबा खाली मान घालून पुन्हा पुसायला लागले.

*

तीन महिन्यांनी कारखान्याचं उत्तर आलं. 'या नंबरची गाडी आम्ही कधीच बनवलेली नाही.'

साहेबांनी टेबलावर थाप मारली. "बघ! मी म्हणत न्हवतो? अशी गाडीच न्हाई!"

मी खिडकीतून बघितलं. नसलेल्या गाडीचा आरसा बाबा कोटाच्या बाहीनं पुसून राहिले होते.

*

धर्माबाद नांदेड जिल्ह्यात, तेव्हा केस करायच्या आधी मूळ नोंद बघून ये म्हणून मला नांदेडला धाडलं. निजामाच्या काळातलं रजिस्टर सगळं उर्दूत. वाचायला करीमचाचा नावाचे रिटायर झालेले रेकॉर्डकीपर बोलावून आणले. त्यांनी रजिस्टरातली नोंद वाचली, मग आमच्या पुस्तकातली मराठी नक्कल डोळ्यांशी धरली आणि कपाळाला हात लावला.

"मियाँ, इसे एक कौन पढा? नौ है ये, नौ!"

माझ्याच पेन्सिलीनं त्यांनी काढून दाखवलं. उर्दूचा एक म्हणजे नुसती उभी रेघ. आणि उर्दूचा नऊ हुबेहूब आपल्या मराठी एकासारखा! नक्कल करणाऱ्या कुणा शहाण्यानं दोन्ही नवांचे एक करून ठेवले होते.

मी धावत-पळत लातूर गाठलं, साहेबांना सगळं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"त्या चाचाची आणि ह्या बाबाची ओळख निघते का, ते बघ आधी."

*

तरी गाडीवरचा नंबर घालून दुसरं पत्र गेलं. त्याचं उत्तर आलं तो सोमवारच होता. बाबा आवारात होते, गुरुजीही आले होते. साहेबांनी पत्र फोडलं, वाचलं, पुन्हा वाचलं, आणि माझ्याकडं सरकवलं. मी मराठीत सांगत गेलो. नंबर बरोबर. रंग काळा. धर्माबादच्या जहागीरदारांसाठी बोटीनं मुंबईला रवाना. मग शेवटची ओळ.

"ग्राहकानं पाठवलेल्या मापाप्रमाणे, त्यांचा ड्रायव्हर लिंबाजी याच्यासाठी, सीट तीन इंच वर घेतलं आहे."

गुरुजींनी तोंड फिरवून चष्मा काढला. साहेब उठले आणि आपली खुर्ची बाबांच्या पुढं ओढून म्हणाले, "बसा, बाबा." एवढ्या वर्षांत साहेबांनी कुणाला खुर्ची दिलेली मी बघितली न्हवती.

बाबा काही बसले न्हाईत. कपाळाला आठ्या घालून माझ्या हातातल्या पत्राकडं बघत होते.

"किती इंच म्हनला?"

"तीन."

"मालकानं चार लिवले व्हते. दोरी मीच धरल्याली," बाबा म्हणाले. "एक इंच खाल्ला की वो ह्यांनी!"