शिकंज्यांचं दुकान आणि समोरचा मेस्त्री

सरस तापवायचं भांडं कितीही घासा, बुडाला थर राहतोच. दुकानदाराच्या डोक्यात किस्से तसेच साठतात. लालबागेत माझं हार्डवेअरचं दुकान. चौथीत शाळा सुटली, पण विलायती कॅटलॉगमधली चित्रं बघबघून शिकंज्यांच्या सगळ्या जाती पाठ केल्या. लाकडाला सरस लावला की वाळेपर्यंत तुकडे आवळून धरतात, तेच हे शिकंजे. असा माल आख्ख्या गिरणगावात कुणाकडे नव्हता! आणि देवाने नेमका समोरच्या गाळ्यात मालवणचा सुतार बाबल मेस्त्री आणून बसवला. त्याच्याकडे एकही शिकंजा नव्हता, आणि त्याचं काहीही अडत नव्हतं. त्या माणसाच्या हेव्याने मी अर्धा झालो.

*

दादरच्या एका मास्तरांना गोल टेबलाची कड चिकटवायची होती. मी त्यांच्या गळ्यात आठ शिकंजे मारले. तासाभरात मास्तर परत!

"शेट, हे ठेवून घ्या."

"विकलेला माल..."

"अहो, वापरलेच नाहीत! मेस्त्रींनी सायकलची फाटकी ट्यूब कापली, पट्टी ताणून गुंडाळली, झालं. रबर सरसाला चिकटू नये म्हणून खाली वर्तमानपत्राचा कागदही घातला."

तो कागद मेस्त्रीने सकाळी माझ्याच दुकानातून मागून नेला होता!

*

पुढे एका गिऱ्हाइकाने मेस्त्रीकडून खुर्चीचा तिरका पाय कापून घेतला आणि चिकटवायला माझ्याकडे आलं. शिकंजा लावावा तर घसरे. मी मोठा दिला, त्याहून मोठा दिला. मेस्त्री शांतपणे भुशात हात घालून त्याच पायाचा कापून पडलेला तुकडा शोधत बसला. तो उलटा लावल्यावर दोन्ही बाजू सरळ! वर नुसती दोरी आवळली.

"कापलेलो तुकडो टाकू नये, शेटानू. वाकडेपणाचो जोडीदार तोच!"

त्यानंतर गिऱ्हाइकं त्याचा भुसा चाळायला लागली. माझ्या दुकानात कुणी डोकावेना.

*

मग मीच हट्टाला पेटलो. मुलीच्या बाळंतपणासाठी पाळण्याची कमान घरी चिकटवली. तीन शिकंजे, अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून पिळले. सकाळी सोडले तर काडकन दोन तुकडे! बायको उठली. तुकडे पदराखाली घेऊन थेट समोर.

मेस्त्रीने सांधा पाहिला. "सगळो सरस भायर काढलास. शेटानू, सरसाक पण बसाक जागा व्हयी!"

बायको खळखळून हसली. वीस वर्षांच्या संसारात माझ्या एका विनोदाला हसली नव्हती!

*

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात एकदा पोलिसांनी मेस्त्रीला सकाळीच उचललं. मीही तिथेच होतो, घोषणाही माझ्याच मोठ्या. मला म्हणाले, "काका, तुम्ही घरी जा." अटकेतही हाच पुढे!

पण त्याच दिवशी माझं नशीब उघडलं. आमच्या आळीतला शाहीर धावत आला. डफाच्या कड्याचा सांधा उकललेला, संध्याकाळी शिवाजी पार्कला सभा, आणि मेस्त्री कोठडीत. "शेट, आता तुम्हीच!"

आता तुम्हीच! हे ऐकायला मी किती वर्षं थांबलो होतो.

मी शिकंजे लावले. गोल कडं अंड्यासारखं झालं. पुन्हा लावले, सटकले. सरस थंड होत चालला. शाहीर चहाला गेला तशी मी इकडेतिकडे पाहिलं, पोराच्या सायकलची ट्यूब काढली आणि पट्टी कापून गच्च गुंडाळली, वर पोतं झाकलं.

संध्याकाळी डफ असा कडाडला की मैदान उभं राहिलं! तेवढ्यात मेस्त्री सुटून आला, गळ्यात हार. शाहिराने सगळ्यांदेखत सांगितलं, "शेटनी जोडला!"

मेस्त्रीने डफ हातात घेतला. सांध्यावरून बोट फिरवलं.

"किती शिकंजे लागले?"

"आठ," मी छाती काढून म्हणालो.

त्याने नखाने काहीतरी काळं खरवडलं, खिशात टाकलं आणि मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेस्त्री माझ्या दुकानाची पायरी चढला. गिऱ्हाईक म्हणून आयुष्यात पहिल्यांदा!

"शेटानू, माका एक शिकंजो देवा."

मी आनंदाने आख्खं कपाट उघडलं. "बोल बाबल, कसला देऊ?"

"कालच्या आठांतलोच. रबर सोडता तो!"