पन्नास वेळा ‘ठीक’

सर निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हे बागेत टोमॅटो लावतील. त्यांनी गॅरेजमध्ये शिसं वितळवायला घेतलं.

ते पुण्याचे, हाडांचे सर्जन. साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलमध्ये मी चौदा वर्षं त्यांच्या पेशंटना भूल दिली, म्हणून ते माझे सर. त्यांची बायको, आमच्या काकू, गेल्या आणि घर त्यांना खायला उठलं. मुलगी दोन रस्ते सोडून राहते, पण तिला तिची नोकरी, तिचा संसार. तेव्हा कुठूनसा त्यांना हा शूटिंग क्लब सापडला आणि एकट्याने जायला नको म्हणून त्यांनी मलाही ओढलं. मी बंदुकीचं लायसन्स काढल्याचं कळल्यावर माझी आई फोनवर म्हणाली, “माणसं वाचवायला पाठवलं होतं ना गं तुला तिकडे?” तिला काय डोंबल सांगणार? सरांना पुन्हा कामात बुडालेलं बघून मला बरं वाटायचं, एवढं खरं.

या देशात साधं पिस्तूल बाळगता येत नाही. सरांचं रिव्हॉल्व्हर लांबलचक नळीचं, मुठीच्या मागे लोखंडी दांडा जोडलेलं, म्हणजे कुणाला ते खिशात घालता येऊ नये. दिसायला अगदी ध्यान. पण त्याची गोळी जवळजवळ करंगळीच्या पेराएवढी जाड, आणि ती सर स्वतः ओतायचे.

शनिवारी सकाळी गॅरेजचं दार सताड उघडं टाकून काम चालायचं. जुन्या पाइपांचं शिसं वितळवायचं, साच्यात ओतायचं, साचा उघडून गोळी जुन्या टॉवेलवर पाडायची. साचा पुरेसा तापला नसेल तर गोळीला सुरकुत्या पडतात, अशी गोळी परत भांड्यात. मग काडतुसांच्या पितळी पुंगळ्या ट्रेमध्ये उभ्या करायच्या, पन्नास. सरांचा हात हल्ली जरा थरथरायचा, म्हणून प्रत्येकीत मापाने बंदुकीची दारू मी घालायची. वर गोळी बसवण्याआधी सरांनी टॉर्च मारून एकेकीत डोकवायचं आणि मोठ्याने म्हणायचं, “ठीक.” पन्नास पुंगळ्या, पन्नास वेळा ठीक. पुंगळी मोठी, दारू तळाशी जेमतेम. दोनदा पडली तरी ओसंडत नाही, आणि मग रिव्हॉल्व्हर हातातच फुटतं. मुळीच पडली नाही तर पुंगळीच्या बुडाशी असते त्या टिकलीच्या जोरावर गोळी जेमतेम नळीत जाऊन अडकते, आणि तिच्या मागून दुसरी झाडली की नळी फुटते. “भरणाऱ्याने तपासायचं नाही,” सर म्हणायचे. ऑपरेशननंतर रक्त टिपायचे स्वॅब दोघांनी मोजायचे, तोच नियम.

गेल्या संक्रांतीच्या सुमाराला सुरकुतलेल्या गोळ्या त्यांच्या हातून चांगल्यांत जायला लागल्या. मी मुकाट्याने बाजूला काढत होते. मग एका शनिवारी मी दारू भरत असताना हॉस्पिटलचा फोन आला. बोलून परत आले, तर कितवीपर्यंत आले होते तेच आठवेना. अंदाजाने पुढे भरत गेले. सरांनी तपासलं. पन्नास ठीक. गोळ्या बसवण्याआधी ते नेहमीसारखे आत चहा टाकायला गेले. माझ्या जिवाला चैन पडेना, म्हणून मी टॉर्च उचलली. एका पुंगळीत दारू दुप्पट होती.

चूक माझीच होती. पण सरांच्या नजरेतून ती सुटली, हे काही मनातून जाईना. पुढच्या शनिवारी मी मुद्दाम एक पुंगळी रिकामी ठेवली. सर तिच्यावर वाकले, टॉर्च मारली, मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाले, “ठीक.”

 उतारवयात नजरेचा मधलाच भाग जातो तेव्हा हे असंच होतं. मेंदू ती मोकळी जागा आपल्या मनाने भरून टाकतो, आणि माणसाला वाटतं, आपल्याला दिसतंय. हे मला माहीत होतं आणि सरांनाही माहीत असायला हवं होतं.

थिएटरमध्ये याच माणसाला मी भर ऑपरेशनात “थांबा” म्हटलेलं आहे, तेही सगळ्यांसमोर. गॅरेजमध्ये माझी जीभ उचलेना. काकू गेल्या, काम गेलं, आता हेही मी काढून घेऊ? डोळ्यांचं कळलं की लायसन्स जाणार. भीड ही भिकेची बहीण, असं आई म्हणते ते काही उगीच नाही. मी स्वतःला हुशार समजून मधला मार्ग काढला. सर चहा टाकायला गेले की मी पन्नासच्या पन्नास पुन्हा तपासायची. ते कप घेऊन बाहेर यायच्या आत टॉर्च जागेवर. जानेवारीपासून ऑगस्टपर्यंत हेच चाललं. एवढ्या महिन्यांत त्यांच्या हातून एकही चूक झाली नाही, असं त्यांना वाटत राहिलं, आणि ते मीच वाटू दिलं.

ऑगस्टमध्ये एका शनिवारी मी ऑन-कॉल होते. सरांनी एकट्याने काडतुसं भरली आणि रविवारी एकटेच क्लबच्या रेंजवर गेले. दुपारी क्लबमधून मला फोन आला. कुणाला लागलं नव्हतं. तिसऱ्या की चौथ्या बाराला आवाज नीट झाला नाही, नुसतं फट झालं. सर पुन्हा घोडा ओढणार, तेवढ्यात तिथल्या माणसाने त्यांचं मनगट धरलं.

मी पोचले तेव्हा ते बाकावर बसले होते.

“नळीत गोळी अडकलीय,” ते म्हणाले. “पुंगळी रिकामी होती. मी टॉर्च मारून बघितलं होतं. मला दारू दिसली होती गं.”

मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझ्या चेहऱ्याच्या जरा बाजूला.

“तुला आश्चर्य नाही वाटलं.”

“नाही, सर.”

“कधीपासून माहीत आहे?”

“संक्रांतीपासून. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून...”

ते चिडले असते तर बरं झालं असतं. बराच वेळ त्यांनी हातातल्या गाडीच्या किल्लीशी चाळा केला. मग अगदी हळू म्हणाले, “अगं, शाळेला सुट्टी लागेपर्यंत रोज सकाळी नातीला मी सोडत होतो. गाडीने.”

देवा! ते गाडी चालवतात हे मला माहीत होतं. किती वेळा त्याच गाडीत बसून मी रेंजवर गेले होते. सात महिने मी दर शनिवारी त्या पुंगळ्यांत डोकवत राहिले, आणि रस्त्याचा विचार एकदाही मनात आला नाही. ती पोर सहा वर्षांची आहे. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

सरांनी किल्ली माझ्या हातात दिली.

“लेकीकडे घे. डोळ्यांचं मी सांगतो. तुला माहीत होतं, हे तू सांग.”

मी सांगितलं, तिच्या स्वयंपाकघरात उभी राहून, काही न लपवता. तिने सगळं ऐकून घेतलं. सरांची नात बाजूला चित्र रंगवत बसली होती, तिला तिने जवळ ओढलं.

“मावशी,” सरांची लेक मला म्हणाली, “तुम्ही जा आता. प्लीज.”