मधली जागा

भानुदास मास्तरांनी टेंभुर्णीच्या शाळेत नऊ वर्षं गॅदरिंगचे नाच बसवले. पोरींना नाचू द्या म्हणून ते घरोघर फिरून बापांची मनधरणी करत. "नाचानं पोरगी बिलकुल बिघडत न्हाई," असं छातीठोक सांगत. लोकांच्या पोरींसाठी वाघ असलेला हा माणूस घरात मात्र शेळी. स्वतःच्या पोरीला, कौसल्येला त्यांनी कधीच नाचात घेतलं नाही. बाकीच्या पोरींच्या पायांत घुंगरं बांधायची, एवढंच तिचं काम.

चौऱ्याहत्तर साली ऐन गॅदरिंगच्या दिवशी मधोमध नाचणारी पोरगी तापानं फणफणली. कौसल्येला सगळा नाच पाठ होता. ती कुणी न सांगताच घुंगरं बांधून उभी राहिली. मास्तरांनी तिची घुंगरं स्वतःच्या हातानं सोडली.

"मास्तराचीच पोरगी नाचली, तर लोक तोंडात शेण घालतील," ते म्हणाले. नाच मधली जागा रिकामी ठेवूनच झाला.

पुढं तिचं लग्न झालं. एकोणऐंशीच्या दिवाळीला ती माहेरी आली, तेव्हा मास्तरांनी ट्रंकेतली घुंगरं तिच्यापुढं ठेवली.

"चुकलं माय माझं. आज तरी बांध."

कौसल्या खाली बसली आणि सवयीनं घुंगरं त्यांच्याच पायांत बांधू लागली.