फ्रिजमधलं तळं

आमच्या घरात जुन्या काळाचं खातं माझ्याकडे आहे. कोणाच्या लग्नात जिलबी कमी पडली, कुठल्या उन्हाळ्यात माठातलं पाणीसुद्धा कोमट लागायचं, हे सगळं मीच सांगतो, आणि दर वेळी थोडं वाढवून सांगतो. त्यातली माझी लाडकी गोष्ट गावच्या तळ्याची. मी शाळेत असताना एका वर्षी ते ठणठणीत कोरडं पडलं आणि आम्ही पोरं त्याच्या मधोमध क्रिकेट खेळलो. ही गोष्ट निघाली की माझी मोठी बहीण शांतपणे म्हणते, "तळं कधीच आटलं नव्हतं. ह्याचं डोकं आटलंय." ताईचं घर मंडईजवळ आहे. तिथे राहून माणूस वांगं आणि भाऊ दोन्ही एकाच नजरेने पारखायला शिकतो.

माझी मुलगी तळ्यांच्या गाळावर संशोधन करते. तळाशी वर्षानुवर्षं माती, पानं, फुलांचे परागकण साठत जातात. त्यात नळी खुपसायची, गाळ थरांसकट वर काढायचा आणि कधी पाऊस उदंड झाला, कधी दडी मारून बसला, ते वाचायचं. तिने आमच्याच गावचं तळं निवडलं. माझ्या गोष्टींमुळे, असं मी सगळ्यांना सांगतो. खोली आणि पाण्याची आवक बघून, असं ती सांगते.

बुधवारी संध्याकाळी ती दोन हात लांबीची पारदर्शक नळी घेऊन धायरीला घरी आली. संस्थेच्या शीतगृहाची दुरुस्ती चालू होती, त्यामुळे शुक्रवारपर्यंत नळी आमच्या फ्रिजमध्ये राहणार होती. उभीच राहायला हवी होती. मग सगळे कप्पे बाहेर काढले. दूध, कोथिंबीर, पाहुण्यांसाठी आणलेलं श्रीखंड, सगळं शेजारच्यांकडे गेलं.

"अहो, माणसं फ्रिजमध्ये चिखल ठेवतात का?" बायकोने मला विचारलं, जणू मीच तो खणून आणला होता.

तेवढ्यात गावाहून फोन आला. तळ्यात पोकलेन उतरलं होतं. गाळ काढून शेतांत टाकायचं काम सुरू झालं होतं. गावासाठी चांगलीच गोष्ट, तळं खोल होणार. मुलगी मात्र फोन ठेवून बराच वेळ फ्रिजच्या दाराला हात लावून उभी राहिली.

"आता परत नाही काढता येणार, बाबा. आहे ते एवढंच."

दुसरा दिवस गुरुवार. गुरुवार हा आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाण्याचा वार. मुलगी सकाळीच संस्थेत गेली होती. वीज गेली, दुपार झाली, फ्रिजचं दार न उघडता आम्ही दोघं त्याच्यासमोर बसून राहिलो. शेवटी तिला फोन केला.

"गरम झाली तर बुरशी धरेल. आत्याकडे वीज आहे का?"

"आहे."

"मग ने. पण आडवी करू नकोस. वरचा थर अजून सायीसारखा आहे."

नळी ओल्या टॉवेलात गुंडाळून, मांडीवर उभी धरून मी रिक्षात बसलो.

"काय हाय काका त्यात?" रिक्षावाल्याने आरशातून विचारलं.

"तळ्यातला गाळ."

"गाळ? आमच्या वावरात ट्रॉलीनं टाकला की परवा. तुम्ही टॉवेलात घेऊन फिरताय?"

मी त्याला जमेल तेवढं समजावलं. मग सिंहगड रस्त्यावरचा प्रत्येक गतिरोधक त्याने बाळंतिणीला घेऊन निघाल्यासारखा ओलांडला. स्वतःच्या मुलीला मी कधी इतकं सरळ धरलं नसेल. दोन्ही हात बधिर झाले, आणि नाक खाजवायची इच्छा तर धायरी फाट्यापासून होती.

ताईने दार उघडलं, नळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "आहेर आणायचा तर निदान कोरडा आणायचास." मग तिने न सांगता आपल्या फ्रिजचे कप्पे काढले.

शुक्रवारी ती आमच्याबरोबर संस्थेत आली. "रात्रभर माझ्याकडे राहिलंय, मी बघणार," म्हणाली.

मुलीने नळी उभी चिरली आणि वडी पाडावी तशी गाळातून बारीक तार ओढली. दोन भाग झाले. एक तपासायला, एक तसाच जपून ठेवायला. पात्याने तिने कापलेल्या बाजूवरचा राडा खरवडून काढला आणि मी जो चिखल चिखल म्हणत होतो त्यात रेघा उमटल्या. काळ्या, तांबूस, राखाडी, काही केसाएवढ्या. वरची साय जागच्या जागी होती.

वरून चार बोटं खाली एक फिकट रेघ होती, मधे मधे भेगाळलेली.

"इथे तळ कोरडा पडला होता," ती म्हणाली.

मी ताईकडे वळलो. आयुष्यभर ज्या क्षणाची वाट पाहिली तो हाच. "म्हणजे माझं क्रिकेट खरं?"

"कोरडा पडला एवढंच दिसतंय, बाबा. कुठल्या साली ते तपासल्यावर कळेल. क्रिकेटबद्दल माती काही बोलत नाही."

ताई हसली नाही. ती टेबलावर वाकली होती. माझं लहानपण, नोकरी, लग्न, ही मुलगी, सगळं त्या चार बोटांत मावलं होतं, आणि खाली अजून हातभराहून जास्त गाळ शिल्लक होता. पार तळाशी तशीच एक फिकट पट्टी होती. माझ्या रेघेपेक्षा कितीतरी जाड.

"म्हणजे एक-दोन वर्षं नाही," मुलगी हळू आवाजात म्हणाली. "पाऊस बराच काळ आलाच नसावा."

आमच्या घरात त्या दुष्काळाची गोष्ट नाही. गावातही नाही. मी सगळ्या गोष्टी ऐकल्यात, निम्म्या तर मीच रचल्यात.

"तेव्हा तिथे कोण होतं गं?" ताईने विचारलं. तिचं बोट पट्टीवर जवळजवळ टेकलं होतं, पण तिने ते टेकवलं नाही.

"माहीत नाही, आत्या."

मग दोघींनी माझ्याकडे पाहिलं. सवयीने. अशा वेळी घरात मी काहीतरी सांगतो. मी नकारार्थी मान हलवली, आणि पुन्हा त्या पट्टीवर वाकलो.