सगळ्यात उंच रेघ

आमच्या ऑफिसात प्रत्येक विभागाची इंटरनेटची वायर नेटवर्क स्विचच्या वेगळ्या पोर्टमध्ये, म्हणजे खाचेत, येते, आणि कुणी किती इंटरनेट ओढायचं ती मर्यादा मी घालते. मर्यादा गाठली की माझ्या स्क्रीनवर त्या पोर्टची रेघ वर जाऊन सपाट होते आणि माझं डोकं फिरतं.

त्या दुपारी अकाउंट्सची रेघ सपाट झाली. मी तणतणत गेले. तिथल्या क्लार्कची मुलगी पाचोडला कबड्डीची फायनल खेळत होती आणि प्रत्येकानं आपापल्या कॉम्प्युटरवर सामना लावला होता. सगळीकडं चित्र अडकलेलं.

"म्याडम, पोरगी चढाईला गेलीय अन् तिथंच अडकलीय!" बाप रडकुंडीला आला होता.

"एकावरच बघितलं असतं तर अडकलं असतं का?" मी ओरडले. "बंद करा सगळं, अन् माझ्या खोलीत चला!"

माझ्या पोर्टला मी कधी मर्यादा घातलीच नव्हती, म्हणून सामना सगळ्यात मोठ्या, स्वच्छ चित्रात लावला. पोरीनं दोघींना बाद केलं, सामना जिंकला, आणि आम्ही खोली डोक्यावर घेतली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, "काल सगळ्यात उंच रेघ तुमची कशी?"

मी खरं ते सांगून टाकलं. साहेब चांगलेच भडकले.

"मग मला का नाही बोलावलं?"