चारित्र्याच्या संशयावरून

आमचे जुने वार्ताहर साळवी यांची बातमी काल दुपारी माझ्या टेबलावर आली. मथळा होता, 'चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून'.

बावीस वर्षांपूर्वी माझ्या बहिणीला, शैलाला, तिच्या नवऱ्याने मारलं, तेव्हा साळवींनी बातमीत 'चारित्र्याच्या संशयावरून' हेच दोन शब्द लिहिले होते. संशय त्याचा, पण गावाने तपासायला घेतलं तिला. 'काहीतरी असेल म्हणूनच ना,' असं लोक आईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलत. आईने बाहेर जाणंच सोडलं. हत्यार पोलीस जप्त करतात. शब्द मात्र सुटतात, पुन्हा दुसऱ्या बाईच्या बातमीत येऊन बसतात. त्या रागापोटीच मी या पेशात आले आणि उपसंपादक झाले.

मी साळवींना बोलावलं. "तिच्याबद्दल तुम्हाला काय माहीत आहे?"

"मॅडम, पोलिसांनी तसंच सांगितलंय."

"पोलिसांनी नवऱ्याचं म्हणणं सांगितलं. तिचं कोण सांगणार?"

"बातमीत असंच लिहितात," ते हसून म्हणाले.

मग मी शैलाचं पूर्ण नाव घेतलं, आणि ती माझी बहीण होती हेही सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. तो उतरलेला चेहरा मी डोळे भरून पाहिला. त्यांनी मथळा बदलला, 'नवऱ्याकडून पत्नीचा खून'.

"झालं ना, मॅडम?"

"नाही. आता माझ्या आईकडे चला. शैलाबद्दल तुम्हाला काय माहीत होतं, ते तिला सांगा."

"मला काहीच माहीत नव्हतं हो."

"तेच सांगा."