बेळगावपुढचं शून्य

सदतीस साली मुंबईच्या एका प्राध्यापकांनी हरिभाऊंकडे मानसशास्त्राच्या मासिकाचे दहा वर्षांचे अंक पाठवले. कुठल्या गावाहून किती लेख आले, ते मोजून तक्ता करून द्यायचा होता. हरिभाऊ बेळगावात शिकाऊ मास्तरांना मानसशास्त्र शिकवत. काम चोख, अक्षर सुबक.

खासबागेतल्या घरी रोज दुपारी ते अंक चाळत बसत. कलकत्त्याचे लेख शंभरावर गेले, म्हैसूरचे एकतीस निघाले. बेळगावपासून निपाणीपर्यंतच्या मुलखातून एकही नाही. बेळगावपुढं शून्य लिहिलं आणि त्यांचा हात थांबला.

तरुणपणी त्यांनी एक टिपण लिहिलं होतं. बेळगावला लागूनच्या शहापुरातल्या मालुबाई विणकरणीचा नवरा आणि दोन पोरं अठरा सालच्या मानमोडीच्या तापात आठवड्याभरात गेली. त्यानंतर बंद मागाचा खटखटाट तिला ऐकू येई, पोरांची कुजबूज ऐकू येई. हरिभाऊंनी बारा दिवस तिच्यापुढं बसून सगळं लिहून घेतलं. ते वाचून वरिष्ठ हसून म्हणाले, "भुताखेतांच्या गोष्टी कोण छापतं?" हरिभाऊंनी शरमेनं वही बंबात घातली.

आता ते तडक शहापुरात गेले. मालुबाई थकली होती, पण तिनं ओळखलं.

"मालुबाई, ते पुन्हा एकदा सांगाल?"

"तवा समदं लिवून घेतलासा की."

"ती वही राहिली नाही."

ती म्हणाली, "तुमास्नी सांगितलं, त्या दिसापास्नं मला कायबी ऐकू आलं न्हाय. पोरं तुमच्या वहीत गेली म्हनून मी निवांत हुते. राहिली न्हाय म्हंजे?"

"मीच जाळली."

मालुबाई उठून आत गेली. हरिभाऊ उंबऱ्याशी ताटकळले. ती बाहेर आली नाही.

तक्ता पाठवताना शून्याखाली त्यांनी लिहिलं, 'एक टिपण होतं. ते मी नष्ट केलं.' छापताना ती ओळ गाळली गेली. तक्त्याचं मात्र पुष्कळ कौतुक झालं.

पुन्हा शहापुरात गेले, तर दाराला कुलूप. शेजारच्या रुक्माबाईनं सांगितलं, "संकेश्वरला भावाकडं गेली. म्हनत हुती, हितं आता माझं कोन न्हाय."

हरिभाऊ ऊन उतरेपर्यंत तिथंच उभे होते. पुढं दहा वर्षं त्यांनी शिकवलं. पण कुणी आपलं दुःख सांगू लागलं की त्यांचा हात खिशातल्या पेन्सिलीकडं जाई, आणि तसाच मागं येई.